बातमीलाही फेरफारनोंद हवी

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात एका लहानशा कारखान्याला आग लागली. पाळी नुकतीच सुटलेली असल्यामुळे जीवितहानी झाली नाही, दोन-तीन तासांत आग आटोक्यात आली आणि चार दिवसांत ही घटना विस्मृतीत गेलीही असती. परंतु एका वृत्तसंकेतस्थळाने ती बातमी देताना गावाच्या नावापुढे भलताच तालुका घातला, आणि त्या एका शब्दापायी निगडी प्राधिकरणात माझ्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना जो मनस्ताप सोसावा लागला, त्यातून या लेखाचा विषय माझ्या मनात रुजला.

आग लागली होती ती म्हाळुंगे इंगळे येथे. हे गाव खेड तालुक्यातले, चाकणजवळचे. दुसरे म्हाळुंगे मुळशी तालुक्यातले, बालेवाडीच्या क्रीडानगरीला लागून असलेले. संकेतस्थळाने आग लावून दिली ती या दुसऱ्या म्हाळुंग्याला. शेजाऱ्यांचा भाचा म्हाळुंगे इंगळ्यातच नोकरीला आहे आणि त्याची आई दूर गावी राहते. बातमीतला तालुका पाहून ती माउली निर्धास्त झाली. इकडे भाच्याचा मामांना फोन आला, की आग आमच्या शेजारच्या गाळ्याला लागली आहे, आम्हा सर्वांना बाहेर काढले आहे, मी सुखरूप आहे, आईला तेवढे कळवा. मामांनी तत्काळ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर लिहिले, की बातमीत तालुका चुकला आहे, आग आपल्याच म्हाळुंग्यात आहे, पोरगा सुखरूप आहे. एवढ्यावर न थांबता त्यांनी त्या संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेला ईमेल पत्ता शोधला आणि दोन्ही गावांतला फरक समजावून सांगणारे सविस्तर पत्र रात्री अकरा वाजता धाडले. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बातमीत ‘मुळशी’च्या जागी ‘खेड’ झालेले होते. केव्हा झाले, का झाले, आधी काय होते, याचा मागमूसही पानावर नव्हता. दुपारी समूहावर एका पुतण्याने दुवा उघडून पाहिला आणि लिहिले, “काका, यात तर खेड तालुकाच आहे. तुम्ही मुळशी कुठं वाचलंत?”

ज्या माणसाने चूक दाखवून दिली, तोच चार माणसांत चुकीचा ठरला. ते मला म्हणाले, “चूक झाली याचं काही नाही हो. चुका सगळ्यांच्याच होतात. पण ती झालीच नव्हती, असं कसं?”

हा प्रश्न साधा दिसतो. पण आज महाजालावर बातमी वाचणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. आपल्याच गावाची, आपल्याच कारखान्याची किंवा आपल्या हयातीचा व्यवसाय ज्या विषयात गेला त्या विषयाची बातमी वाचताना हटकून एखादी चूक दिसते, बोट त्या शब्दावर थबकते आणि हा शब्द आपल्याला इथल्या इथे दुरुस्त करता आला असता तर, अशी इच्छा मनात उमटते. बातमी पुढे धाडण्याची सोय हाताशी आहे, तिला पसंती दर्शवण्याची सोय आहे, अर्वाच्य शेरेबाजी करण्याचीही मुभा पुष्कळ ठिकाणी आहे. मात्र ‘या ओळीत चूक आहे आणि ती अशी सुधारा’ एवढे सांगण्यासाठी राखून ठेवलेली जागा बहुतेक मराठी संकेतस्थळांवर सापडत नाही.

चुका होतात त्यांची कारणे आपल्या पट्ट्यापुरती पाहिली तरी बोध होण्याजोगी आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता शेतशिवारांच्या जागी कारखान्यांच्या रांगा लागल्या. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. तरीही बाहेरगावचा बातमीदार आजतागायत या स्वतंत्र महानगराला पुण्याचे उपनगर म्हणून मोकळा होतो. चाकणचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे. महसुली दृष्टीने ते खेड तालुक्यात, त्याची स्थानिक संस्था चाकण नगरपरिषद, कारखान्यांच्या भूखंडांचा कारभार औद्योगिक महामंडळाकडे, आणि २०१८ च्या १५ ऑगस्टला पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून पोलीस ठाणे त्या आयुक्तालयाच्या अखत्यारीत. एकाच घटनेची माहिती चार दफ्तरांतून चार पत्त्यांनिशी बाहेर पडते, आणि मुंबईत वा त्याहून दूर बसून ती मिनिटाभरात उतरवून घेणाऱ्या उपसंपादकाने त्यांतला कोणता पत्ता ग्राह्य धरावा, हे त्याला सांगणारे जवळ कोणी नसते.

त्यात गावांच्या नावांची द्विरुक्ती. खेड म्हणजे राजगुरुनगर, खेड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला तालुका, आणि पुणे-सातारा रस्त्यावरचे खेड-शिवापूर ते आणखी वेगळे. आळंदी देवाची ही ज्ञानेश्वर माउलींची. आळंदी म्हातोबाची हवेली तालुक्यातली. देहू तुकोबारायांचे, आणि देहूरोड ही लष्करी छावणीची वस्ती. शिवाय आजकाल पुष्कळशा बातम्या प्रथम इंग्रजीत लिहिल्या जातात आणि मग मराठीत उतरतात. त्या प्रवासात ‘ळ’ हे अक्षर वाटेतच गळून पडते. कुरुळीचे कुरुली होते, तळवड्याचे तलवडे होते, आणि ज्यांची हयात त्या मातीत गेली त्यांना आपल्याच गावाचे नाव परके वाटू लागते. आकड्यांचीही तीच गत. एक मिलियन म्हणजे दहा लाख, शंभर मिलियन म्हणजे दहा कोटी, हा हिशेब घाईत चुकला की कारखान्याच्या गुंतवणुकीला एखादे शून्य अधिक चिकटते, आणि त्या शून्यावर भरवसा ठेवून आजूबाजूच्या जमिनींचे भाव बोलले जातात.

या साऱ्या चुका द्वेषमूलक नसतात. त्या घाईच्या, दूरत्वाच्या आणि अपरिचयाच्या असतात. म्हणूनच त्यांवरचा उपाय परिचय असलेल्या माणसाच्या हाती असतो, आणि तो माणूस म्हणजे वाचक. हे सत्य मराठी वृत्तपत्रसृष्टीला तिच्या आरंभापासून ठाऊक होते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, भाऊ महाजनांनी १८४१ साली ‘प्रभाकर’ सुरू केले, आणि त्या ‘प्रभाकरा’त १८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने जी शतपत्रे लिहिली, ती रूपाने पत्रेच होती. वाचकाने पत्रकर्त्यास पत्र धाडावे आणि पत्रकर्त्याने ते सर्वांसमक्ष छापावे, या शिरस्त्यातूनच आपल्याकडचा सार्वजनिक विचारविनिमय वाढीस लागला.

छापील शब्दाच्या चुकीची किंमत किती जबर असू शकते, याचा धडाही आपल्याला लवकरच मिळाला. कोल्हापूरच्या छत्रपतींना त्यांचे कारभारी माधवराव बर्वे छळतात, अशा आशयाचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी प्रसिद्ध केला. ज्या पत्रांच्या आधाराने तो लिहिला होता ती बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या एकशे एक दिवसांचा वृत्तान्त आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिला. हेतू निर्मळ होता, विद्वत्ता वादातीत होती, आणि तरीही आधार खोटा निघाला. टिळक-आगरकरांच्या हातून जे घडू शकते, ते आज मिनिटामिनिटाला बातमी चढवणाऱ्या, कामाच्या ओझ्याखाली वाकलेल्या तरुण उपसंपादकाच्या हातून घडणारच नाही, असे कोण म्हणेल?

छापील वृत्तपत्राच्या काळात चुकीला एक अंगभूत मर्यादा होती. आज छापलेले उद्या बदलता येत नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘चुकीची दुरुस्ती’ या मथळ्याखाली चार ओळी द्याव्या लागत, ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडावे लागे, शासनालाही आपल्या निर्णयातली चूक सुधारायची तर शुद्धिपत्रक काढावे लागे. चूक आणि दुरुस्ती या दोहोंचे अस्तित्व राहत असे, आणि वाचनालयातल्या जुन्या फायली चाळणाऱ्याला दोन्ही सापडत. संकेतस्थळाने हे बंधन नाहीसे केले. तिथे बातमी कधीही बदलता येते. आणि मुकाट्याने बदलता येते, हाच तिचा मोठा दोष होऊन बसला. बदललेली बातमी संकेतस्थळावर राहते, तर न बदललेल्या बातमीची छायाचित्रे घराघरांतल्या समूहांमधून फिरत राहतात, आणि दोहोंपैकी खरे कोणते याचा निवाडा करायला वाचकापाशी काहीही साधन उरत नाही.

मग वाचकांच्या हातीच लेखणी द्यावी काय? तसा प्रयोग झालेला आहे. जून २००५ मध्ये अमेरिकेतील ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने इराक युद्धावरचा आपला एक अग्रलेख वाचकांनी हवा तसा सुधारावा म्हणून संकेतस्थळावर खुला केला. अवघ्या दोन दिवसांत तिथे अश्लील चित्रे येऊन पडली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. दुसऱ्या बाजूला १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आपल्यासमोर आहे. तिथेही कोणीही लिहू शकतो, तिथेही खोडसाळपणा होतो. तरी तो टिकला, कारण प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘इतिहास पहा’ अशी एक कळ आहे, आणि ती दाबली असता कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या सदस्याने कोणता शब्द काढून कोणता घातला, ते आरंभापासून दिसते. बिघडवलेले पान त्याच इतिहासाच्या आधारे क्षणार्धात पूर्ववत करता येते. उघड्या लेखणीपेक्षा उघडी नोंदवही अधिक उपयोगी पडली, असाच या दोन अनुभवांचा निष्कर्ष निघतो.

लेखणी सरसकट खुली करण्यात आणखी एक धोका आहे. बातमी सुधारायला सर्वांत आधी कोण धावेल? ज्याला गावाचे नाव बरोबर हवे आहे तो म्हातारा वाचक मागून येईल. ज्याच्या गैरव्यवहाराची बातमी छापून आली आहे त्याचा माणूस आधी येईल. हीच गोष्ट सत्तेलाही लागू पडते. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी वा दिशाभूल करणारी आहे, हे सरकारच्याच तथ्यपडताळणी कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ साली माहिती तंत्रज्ञान नियमांत घालण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या अभिप्रायानंतर ती तरतूद रद्दबातल ठरली. ज्याच्याविषयी बातमी आहे, तोच तिचा अखेरचा परीक्षक असता कामा नये, हे तत्त्व सरकारला जसे लागू तसे कंत्राटदारालाही आणि कारखानदारालाही.

मग सध्या वाचकाच्या हाती आहे तरी काय? छापील वृत्तपत्रांसाठी १९७८ च्या कायद्यान्वये चालणारी भारतीय प्रेस परिषद आहे. चूक लक्षात आल्यास ती तत्परतेने आणि ठळकपणे दुरुस्त करावी, गंभीर प्रमादाबद्दल दिलगिरीही व्यक्त करावी, असे तिच्या आचारसंहितेत सांगितले आहे. परंतु तिचा अधिकार समज देणे, ताकीद देणे आणि निषेध नोंदवणे एवढाच. केवळ महाजालावर चालणारी संकेतस्थळे तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम झाले. प्रकाशकाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा आणि आलेल्या तक्रारीवर पंधरा दिवसांत निर्णय द्यावा, अशी योजना त्यांत होती. पण त्या योजनेवर शेवटी सरकारचीच देखरेख येणार असल्यामुळे मूळ चौकटीला न्यायालयात आक्षेप घेतला गेला, आणि १४ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नियम ९ मधील पहिल्या व तिसऱ्या पोटनियमाला अंतरिम स्थगिती दिली. अनेक संकेतस्थळांच्या तळाशी या अधिकाऱ्याचे नाव आजही आढळते. वाचकाने त्याला अवश्य लिहावे. तथापि वाचकाला हवा आहे तो फिर्यादीचा मार्ग नव्हे. त्याला साध्या, रोजच्या, सलोख्याच्या दुरुस्तीची वाट हवी आहे.

ती वाट शोधण्यासाठी परदेशी पाहण्याची निकड नाही, कारण चाकणच्या पट्ट्यात ती दोन ठिकाणी कित्येक वर्षे वहिवाटीत आहे. पहिले ठिकाण म्हणजे कारखान्याचा ड्रॉइंग विभाग, जिथे माझ्या शेजाऱ्यांची तीस वर्षे गेली. त्यांनी मला एकदा यंत्रभागाचा जुना ड्रॉइंग कागद उलगडून दाखवला होता. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात चौकट: तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा, प्रत्येकापुढे सही आणि तारीख. वरच्या कोपऱ्यात दुसरी चौकट, रिव्हिजनची: अनुक्रमांक, काय बदलले, का बदलले, कोणी, केव्हा. आणि जे माप बदलले होते, त्याच्या शेजारी बारीकसा त्रिकोण काढून त्यात रिव्हिजनचा क्रमांक घातलेला. लाइनवरच्या कामगाराला माप चुकीचे वाटले तर तो थेट कागदावर पेन चालवीत नाही. तशी खाडाखोड तिथे अमान्य असते. तो बदलाची मागणी नोंदवतो, विभाग ती तपासतो, मंजूर झाली तर नवी रिव्हिजन निघते आणि जुन्या प्रती परत मागवून त्यांच्यावर रद्दचा शिक्का मारला जातो. चूक दाखवणारा कामगार शिपाई आहे की सुपरवायझर, याला त्या मागणीच्या गुणवत्तेत स्थान नसते.

दुसरे ठिकाण तलाठ्याची चावडी. औद्योगिकीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, विकल्या किंवा वाटल्या गेल्या, अशा या पट्ट्यातील प्रत्येक कुटुंबाला सातबारा आणि फेरफार हे शब्द तोंडपाठ आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार हक्कात बदल झाल्याची वर्दी आली, की तलाठी ती फेरफाराच्या नोंदवहीत घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो, संबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर ती वेगळ्या, विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते. मग वरिष्ठ महसुली अधिकारी चौकशी करून नोंद प्रमाणित किंवा नामंजूर करतो. केवळ लेखनप्रमाद असेल, तर त्यासाठी कलम १५५ स्वतंत्र आहे. आणि सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक लिहितात. पन्नास वर्षांनी कोणी नक्कल मागितली, तर जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशी गेली याची साखळी हाती लागते. या पद्धतीत दिरंगाई होते, गैरप्रकारही होतात, हे मी नाकारीत नाही. पण वर्दी, नोटीस, हरकत, निर्णय आणि नोंद हा क्रम न्याय्य आहे, आणि शेतकऱ्यालाही तो समजतो.

बातमीसाठी मला हाच क्रम हवा आहे. बातमीच्या प्रत्येक पानावर ‘चूक कळवा’ अशी एक ठळक जागा असावी. वाचकाने तीत कोणती ओळ, काय चुकले, बरोबर काय आणि आधार कोणता, एवढे चार रकाने भरावे. पोच लगेच मिळावी. गावाचे नाव, आकडा, तारीख अशा लेखनप्रमादाचा निकाल काही तासांत लागावा, आणि कोणाच्या वर्तनाविषयीच्या विधानाला हरकत असेल तर दोन्ही पक्षांना विचारून लागावा. निर्णय संपादकाचाच असावा, कारण जबाबदारीही त्याचीच आहे. परंतु निर्णय काहीही होवो, बातमीखाली शेरा दिसावा: ‘या बातमीत आरंभी तालुका मुळशी असा दिला होता, तो खेड असा हवा. दुरुस्ती अमुक दिवशी, अमुक वाजता.’ एवढ्या दोन ओळी त्या पानावर असत्या, तर माझ्या शेजाऱ्यांना आपल्याच आप्तांपुढे आपला खरेपणा सिद्ध करत बसावे लागले नसते. शिवाय असा शेरा समूहावर पाठवता येतो. जुनी प्रत जिथवर पोहोचली, तिथवर तिची दुरुस्तीही पोहोचू शकते.

हे अशक्य कोटीतले नाही. लंडनच्या ‘गार्डियन’ने १९९७ साली इयन मेज यांना वाचकांचे संपादक नेमले आणि दुरुस्त्यांचे रोजचे सदर सुरू केले, आपल्याकडे ‘द हिंदू’ने २००६ साली के. नारायणन यांच्याकडे तसेच काम सोपवले. वाचकाची तक्रार ऐकणे, तिचा छडा लावणे आणि निकाल प्रसिद्ध करणे, एवढ्यासाठी वृत्तपत्राच्या कचेरीत एक स्वतंत्र खुर्ची असावी, ही त्यामागची कल्पना. मराठीतील मोठ्या वृत्तसमूहांना अशी एक खुर्ची जड जाऊ नये. चुका कबूल केल्याने विश्वासार्हता घटते, ही भीतीही अनाठायी आहे. हिशेबाच्या कागदाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहिणाऱ्या व्यापाऱ्याची पत आपल्या पूर्वजांनी कधी कमी लेखली नाही. उलट असे लिहिणाऱ्याशीच ते निःशंक मनाने व्यवहार करीत.

वाचकाचेही काही कर्तव्य आहे. चूक दिसताच ‘हे लोक विकले गेले आहेत’ असे लिहून मोकळे होण्यात श्रम नाहीत. पण त्याने चूक जागची हलत नाही. ओळ नेमकी दाखवावी, आधार द्यावा, शब्द सौम्य वापरावेत, आणि दुरुस्ती झाली तर तीही तितक्याच अगत्याने पुढे पाठवावी. उपसंपादकही आपल्यासारखाच कोणाच्या तरी घरचा मुलगा वा मुलगी आहे, रात्रपाळी करणारा आहे, हे चाकण-भोसरीच्या लोकांना तरी वेगळे सांगायला नको.

परवा शेजारी माझ्याकडे आले ते एक कागद घेऊन. त्या बातमीचे जुने छायाचित्र भाच्याच्या फोनमध्ये सापडले होते, त्याची छापील प्रत त्यांनी काढून आणली होती. ‘मुळशी’ या शब्दाभोवती पेन्सिलीने हलका कंस, शेजारी छोटा त्रिकोण, त्यात एकचा आकडा. आणि कोपऱ्यात पट्टी लावून आखलेली चौकट, तीस वर्षांच्या सवयीने काटकोनात बसवलेली. ‘बदल सुचवणारा’ या रकान्यात त्यांची वळणदार सही आणि तारीख होती. तो कागद त्यांनी माझ्यापाशीच ठेवला आहे. ‘तपासणारा’ आणि ‘मंजूर करणारा’ हे दोन रकाने अद्याप कोरे आहेत.